सव्वासातच्या आतला नाश्ता

१३ जाने., सोम.
पोहे. पास.
सव्वासातला सगळे दाराबाहेर, आणि घर माझं. म्हणजे घर त्यांचंच, मी फक्त आत.
अमोलला आता पाचही दिवस ऑफिसात जावं लागतं. दिवाळीपर्यंत घरून करायचा. केतकीचे कॉल सातलाच सुरू होतात, ती गाडीतूनच बोलत जाते. त्या धांदलीत रेवाला खाऊ घालणं हे माझं खातं. वय वर्षं आठ, आणि पोट असं की गव्हाचा कण चालत नाही. गहू, मैदा, रवा, शेवया, ब्रेड, बिस्किट, सगळं बंद, जन्मभर. दूधही बंद, पण ते आतडं भरून येईपर्यंत. ऑक्टोबरात मी आले ती ह्यासाठीच. अमोल फोनवर म्हणाला होता, ‘आई, सहा महिने ये. आम्हाला सुचत नाहीये काही.’ आले.
परतीचं तिकीट ५ एप्रिलचं, शनिवार.

१६ जाने., गुरु.
भगर, दाण्याचं कूट घालून. पास.
उपासाचं सगळं हिला चालतं. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. आपल्या बायकांनी जन्मभर देवाच्या नावानं जे खाल्लं, ते इथे डॉक्टर लिहून देतात. अमोल म्हणाला, ‘आई, आपल्या घरी रोजच एकादशी.’ म्हटलं, ‘आणि दुप्पट खाशी. तुझी ताटली बघ.’
तुपावरून जरा झालं. मी म्हटलं, तूप म्हणजे दूध थोडंच. केतकी हसून म्हणाली, ‘आई, दूधच ते, फक्त चांगल्या घरात दिलेलं.’ सूनबाईची जीभ चांगली आहे. बोलते कमी, हे वाईट. भगर तेलात केली. चव आली नाही, पण रेवाला तुपाची चव आता आठवतही नसेल.

१९ जाने., रवि.
चालायला गेले. अमोलच्या ह्या गावात, प्लेनोत, चालणं म्हणजे घरं बघणं. मोठी घरं, बंद पडदे, आणि पुढे हायवे. हायवेपलीकडे काय आहे ते मला अजून माहीत नाही, कारण तो पायी ओलांडता येत नाही. साडी, वर अमोलचं जुनं जाकीट, पायात स्पोर्ट शूज. एका बाईनं गाडी थांबवून काच खाली केली, ‘मॅम, आर यू ओके? आर यू लॉस्ट?’
म्हटलं, ‘वॉकिंग.’ तिला पटलं नाही. बराच वेळ माझ्या मागे हळूहळू गाडी चालवत होती. चांगलीच बाई असणार.
सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे आणि फाटकाला कुलूप. मे महिन्याच्या शेवटी उघडतो म्हणे. कुंपणाशी उभी राहून पाणी बघून आले. वर पानं तरंगत होती.

२२ जाने., बुध.
साबुदाण्याची खिचडी. अर्धपास. पोट दुखतं म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन बसली. बस चुकली. केतकीनं कॉल सोडून तिला शाळेत पोचवलं. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं.

२७ जाने., सोम.
रेवाच्या रक्ताचा रिपोर्ट. गव्हानं रक्तात चढतो तो आकडा खाली यायला हवा होता, जेमतेम हलला. वजन तेवढंच. म्हणजे कुठून तरी गहू पोटात जातोय.
केतकीचा संशय शाळेवर. मग वाढदिवसाच्या पार्ट्यांवर. मग खेळायच्या रंगीत मातीवर, त्या मातीतही गहू असतो म्हणे. बाई शांपूच्या बाटलीवरची अक्षरंसुद्धा वाचते. तवा वेगळा, चाळणी वेगळी, पोळपाट तर गराजमध्ये नेऊन ठेवलाय. त्यांच्या दोघांच्या पोळ्याही बंद. मला इथे येऊन पोळी लाटलेली आठवत नाही.
रात्री जेवताना अमोल सहज विचारल्यासारखं म्हणाला, ‘आई, तुझं एक्स्टेन्शन टाकूया का? अजून सहा महिने. रेवाचा आकडा खाली येईपर्यंत.’
बो. ना.
(बो. ना. म्हणजे बोलले नाही. इथे आल्यापासून हे इतक्यांदा लिहावं लागतं की छोटं करून टाकलं.)

२ फेब्रु., रवि.
कुंदाचा फोन. ती नागपुरात माझ्या वरच्या मजल्यावर राहते, माझी किल्ली तिच्याकडे. ‘काय वं नले, येऊन राहिली का नाही? ॲडमिशन फॉर्म आले. तुझं नाव टाकू का?’
बायकांची पोहण्याची बॅच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते, सकाळी सहाला.
हे गेल्यानंतर दीड वर्ष एकटी राहिले. सगळ्यांना वाटलं बाई खचली. बाई पोहायला शिकली. बासष्टाव्या वर्षी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दाराची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती, आणि सकाळी कुणाला काय खायचंय हे विचारायला घरात कुणी नव्हतं. पहिले दोन महिने त्याचं रडू यायचं. नंतर एक दिवस नऊ वाजता उठले, कालची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, आणि लक्षात आलं की मी सुखी आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. विधवा बाईनं सांगण्यासारखं नाही ते.
कुंदाला म्हटलं, ‘टाक नाव.’
अमोलला अजून बो. ना.

६ फेब्रु., गुरु.
राजगिऱ्याच्या पिठाची धिरडी. चिकटली, फाटली. नापास. शेवटी केळं खाऊन गेली.
अमोल म्हणाला, एक्स्टेन्शनचे कागद काढून ठेवलेत. विचारलं नाही, सांगितलं. आणि पुढे म्हणाला, ‘तिथे तरी एकटी काय करणार तू?’
त्याचंही अडकलंच आहे. व्हिसाची भानगड, नोकरी गेली तर घर, गाडी, शाळा, सगळं उचलून निघायचं. भारतात जायचं म्हटलं तर परत येताना शिक्का मिळेल का ही भीती. ह्यांच्या वेळी पोचला तो तेराव्याला. तेव्हापासून माझ्याशी बोलताना जरा घाईनं बोलतो. म्हणून मीही त्याला तोडून बोलत नाही, आणि माझी गाडी तिथेच अडते.

११ फेब्रु., मंगळ.
आज जे झालं ते लिहायला बसले.
डाएटिशियन बाई व्हिडिओवर होती. केतकी सुट्टी घेऊन घरी. बाई म्हणाली, घरातलं सगळं दाखवा, पिठं, मसाले, औषधं, सगळं. केतकी एकेक डबा कॅमेऱ्यासमोर धरत गेली. हळद, धणे, गोडा मसाला, बाई ओके ओके म्हणत होती. मग मिसळणाच्या डब्याशेजारची पिवळी डबी. बाईनं विचारलं, ‘व्हॉट्स दॅट?’
हिंग. माझा. नागपूरहून येताना चार डब्या आणल्या होत्या, इथला हिंग मेला वास देत नाही म्हणून.
‘कॅन यू रीड मी द लेबल?’
केतकीनं चष्मा वर केला आणि बारीक अक्षरं वाचायला लागली. गोंद. मग थांबली. मग वाचलं. गव्हाचं पीठ. हिंगापेक्षा जास्त तेच.
चाळीस वर्षं फोडणी करतेय. हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते कोण वाचतं? हिंग म्हणजे हिंग. नुसता हिंग इतका उग्र की तो पिठात मिसळूनच विकतात, हे मला आज कळलं. पोह्यात चिमूट, आमटीत चिमूट. ऑक्टोबरपासून रोज. पोट दुखतं म्हणाली की वर हिंगाचं पाणी बेंबीला, आणि चिमूटभर ताकाऐवजी कोमट पाण्यातून पोटात. औषध म्हणून.
केतकीनं व्हिडिओ बंद केला. डबी झिपलॉकमध्ये घालून कचऱ्यात टाकली, हात धुतले, पुन्हा धुतले. शांपू वाचणारी बाई. पण हिंग सासूनं आणला होता, तो कसा वाचणार.

१२ फेब्रु., बुध.
केतकीनं स्वतः कुठल्याशा डब्यातलं सीरियल दिलं. मी खोलीतच होते. रेवा दारात येऊन म्हणाली, ‘आजी, इट्स नॉट युअर फॉल्ट. इट वॉज द हिंग.’ आणि बसला पळाली.
केतकी अजून बोललेली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.
आता कोणत्या तोंडानं म्हणू, मला जायचंय? पोरीला चार महिने आजारी ठेवून निघाली म्हातारी पोहायला.

१५ फेब्रु., शनि.
सकाळी केतकी माझ्या खोलीत आली. हातात नवी डबी, तांदळाच्या पिठातला हिंग, इंडियन स्टोअरमधून आणलेला. पलंगावर ठेवली. म्हणाली, ‘आई, सोमवारपासून तुम्हीच करा. रेवा सीरियल खात नाही. सिंकमध्ये ओतते.’ दारापर्यंत जाऊन परत वळली, ‘मी चिडले होते. तुमच्यावर नाही. म्हणजे, तुमच्यावर पण.’
खरं बोलली, म्हणून डबी घेतली.

२४ फेब्रु., सोम.
मूगडाळीचं धिरडं, दुधी किसून. पास. आठवडाभर सगळे पास. पोट दुखलं नाही. रेवाच्या कपाळावरची आठी गेली. संध्याकाळी गाणं म्हणत पायऱ्या चढली.
केतकी फोनवर तिच्या आईला सांगत होती, ‘आमच्या आई आहेत म्हणून चाललंय सगळं. त्या नसत्या तर…’ ऐकून आनंद झाला आणि भीतीही वाटली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली बाई मी, दुसऱ्याचं बोलणं कानावर पडलं तरी चेहरा हलू देत नाही. दुधी किसत राहिले.
जितकं चांगलं करीन तितकी इथे पक्की होईन. वाईट करणं तर हाताला जमणार नाही.
विचार केला की ह्यातून वाट एकच आहे. असं काहीतरी शोधायचं, जे अमोलला करता येईल. सव्वासातच्या आत, झोपेत, एका भांड्यात. ज्याला माझी गरज नाही.

१ मार्च, शनि.
धिरडं शिकवलं. अमोल इंजिनिअर आहे, म्हणून पहिल्यांदा त्यानं तव्याचं तापमान विचारलं. म्हटलं, पाणी शिंपड, चर्र झालं की घाल. म्हणाला, ‘चर्र म्हणजे किती?’ तीन फाटली, एक जळालं. स्वयंपाकघरातली ती धुराची घंटा वाजली, ती बंद करायला स्टुलावर चढला. रेवा पोट धरून हसत होती. मीही. बऱ्याच दिवसांनी.
पण हे नव्हे. धिरड्याला हात लागतो. हात शिकवता येत नाही.

४ मार्च, मंगळ.
आंघोळ करताना आठवलं. उकडपेंडी.
आमच्या विदर्भात घरोघरी होते, पण बाहेर कुणी मान देत नाही बिचारीला. ज्वारीचं पीठ. फोडणी, कांदा, मिरची, त्यात पीठ खमंग भाजायचं, गरम पाण्याचा हबका, झाकण, दोन वाफा. काही लाटायचं नाही, काही उलटायचं नाही. आई आंबट ताक घालायची. ताक चालणार नाही, लिंबू पिळू. गहू नाही, दूध नाही. कांदा रात्री चिरून ठेवला तर गॅसवर दहा मिनिटं.
उद्या करते. कुणाला न सांगता.

५ मार्च, बुध.
पास. दुसऱ्यांदा मागून घेतली. ‘इट्स लाइक उपमा बट नाइसर.’ पोरीनं उपमा खाल्ल्याला वर्ष झालं असेल.
बसस्टॉपवरून येताना गुणगुणत आले. मला कुणी पाहिलं नसावं.

८ मार्च, शनि.
अमोलकडून करवून घेतली. मी हात पाठीमागे बांधून उभी. पहिल्यांदा पाणी जास्त, लापशी. दुसऱ्यांदा जमली. खरंच जमली, मोकळी, लिंबू बरोबर. त्यानं चमचा चाटला. म्हणाला, ‘आजी करायची तशी लागते.’ माझी आई. तिच्या हातचं त्यानं लहानपणी सुट्टीत खाल्लेलं.
म्हटलं, ‘आता रोज तू.’
हसला. त्याला वाटलं मला कंटाळा आलाय. आलाच आहे, पण ते कारण नाही. बो. ना.
रेवानं मात्र हात लावला नाही. ‘नॉट हंग्री.’

१२ मार्च, बुध.
शाळेला सुट्टी ह्या आठवड्यात. ऑफिसला जायच्या आधी अमोल करतो. रेवा खात नाही. तीच ज्वारी, तोच कांदा. काल मी कढईत जरा ढवळलं फक्त, तर विचारलं, ‘डिड यू मेक इट?’ म्हटलं, बाबानं. चमचा खाली.
मीठ बघितलं. तिखट बघितलं. चाखून बघितली. माझ्याहून कांकणभर सरसच.

१८ मार्च, मंगळ.
नवा रिपोर्ट. आकडा झरझर उतरला. डॉक्टर खूश. पण वजन वाढत नाही, उलट किंचित कमी. सकाळचं खाणं चुकवू नका, म्हणाले.
अमोलनं मला मिठी मारली, कितीतरी वर्षांनी. मग म्हणाला, ‘आता तर तुला सोडतच नाही मी.’ लाडानं म्हणाला.

२१ मार्च, शुक्र.
शाळेतल्या नर्सचा फोन केतकीला. रेवाला चक्कर आली, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. केतकी मीटिंग टाकून गेली. घरी आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल.
मी ताबडतोब भगर टाकली. ताटलीभर खाल्ली. अमोल बघत उभा होता. मला म्हणाला, ‘बघ. तुझ्याच हातचं लागतं तिला.’
लागत नाही. मला ठाऊक आहे, हात नाही तो. काहीतरी वेगळं आहे.

२३ मार्च, रवि.
कळलं.
दुपारी रेवा आणि मी मोज्यांच्या जोड्या लावत बसलो होतो. ड्रायरमधून काढलेला ढीग. मी सहज विचारलं, ‘बाबाची उकडपेंडी का नाही गं खात?’
वर न बघता म्हणाली, ‘आय नो व्हाय यू आर टीचिंग हिम.’
‘काहून?’
‘सो यू कॅन गो. इफ आय ईट हिज, यू विल गो. सो आय डोन्ट.’
आणि मोज्याची जोडी गुंडाळून टोपलीत टाकली.
राग आला. आधी रागच आला, लिहून ठेवते. आठ वर्षांची पोर, घरात माझं मन ओळखलं ते हिनं एकटीनं, आणि ओळखून दार लावून टाकलं. अमोलला फसवता येतं, केतकीशी गप्प राहता येतं, हिचं काय करू? हिच्या हट्टाचं वजन हिच्याच अंगावरून उतरतंय. चक्कर येईपर्यंत उपाशी राहिली माझ्यासाठी. असं कुणी ह्या जन्मात केलं नव्हतं.
बाथरूममध्ये नळ सोडून रडले. पाणी वाया गेलं.

२४ मार्च, सोम.
मी केली. पास.
काय करणार?

३० मार्च, रवि. पाडवा.
गुढी बाल्कनीत, बांबू मिळेना म्हणून पडद्याच्या दांडीवर. पुरणपोळी नाही, नुसतं पुरण वाटीत. कडुनिंब कुणाकडून तरी आणला होता, अमोलनं तोंड वाकडं करत खाल्ला.
रेवा खेळायला गेल्यावर दोघांना बसवलं आणि बोलले. सगळं. की मला ५ तारखेला जायचंय. की माझं मन लागत नाही इथे, कोंडल्यासारखं होतं, दार उघडं असूनही. की मी उकडपेंडी का शिकवली. की रेवा का खात नाही.
अमोलचा चेहरा उतरला. म्हणाला, ‘म्हणजे तू आमच्यापासून सुटायला बघत होतीस?’
म्हटलं, ‘हो. थोडंसं हो.’
‘आणि मी बाबांच्या वेळी नव्हतो म्हणून…’
‘त्याचा काही संबंध नाही. सगळं तुझ्यावरून नसतं रे.’ हे जरा जोरात निघालं.
केतकी टेबलावरचे कण बोटानं गोळा करत होती. मग म्हणाली, ‘आई, तुम्हाला जायचंय हे मला जानेवारीतच कळलं होतं. त्या तलावाच्या कुंपणाशी तुम्हाला उभं असलेलं पाहिलं होतं मी, गाडीतून येताना. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर जाऊ द्यावं लागलं असतं.’
हिचीही बो. ना. होती म्हणायची. एकाच घरात दोघी त्याच भाषेत गप्प बसलो होतो.
ठरलं काहीच नाही. ९ एप्रिलपर्यंत मला इथे राहता येतं, अर्ज त्याच्या आत जायला हवा. अमोल म्हणाला, ‘मी तुला अडवणार नाही. पण रेवाशी तू बोल. मला जमणार नाही.’

२ एप्रिल, बुध.
बोलले रेवाशी. अंगणातल्या पायरीवर, शाळेतून आल्यावर.
म्हटलं, ‘मला घरी जायचंय.’
‘धिस इज होम.’
‘तुझं. माझं नागपूरला आहे.’
‘हू इज देअर?’
‘नलू.’
‘हू इज नलू?’
माझं नाव. तिला माहीत नव्हतं. का माहीत असावं, इथे मला कोण नलू म्हणतं. तिला सांगितलं, नलू माझंच नाव. नलूच्या दाराला हिरवा रंग आहे. नलू नऊ वाजता उठते. नलू तलावात पोहते, टोपी घालून.
रेवानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. ‘यू कॅन स्विम?’
‘हो.’
‘इन द डीप एंड?’
‘हो.’
‘यू नेव्हर टोल्ड मी.’ तक्रार होती त्यात. खरीच तक्रार. सहा महिने मी हिला फक्त वाढलं, स्वतःबद्दल एक शब्द सांगितला नाही.
मग तिनं विचारलं, पाण्यात डोळे उघडे ठेवतेस का, श्वास किती धरतेस, भीती वाटली का पहिल्यांदा. सगळं सांगितलं. भीतीचंही सांगितलं. उठताना म्हणाली, ‘बट आय स्टिल डोन्ट वॉन्ट यू टू गो.’
म्हटलं, ‘ठीक आहे. नको वाटू दे. पण खा.’
दप्तर उचलून आत गेली.

३ एप्रिल, गुरु.
अमोलनं केली. मी टेबलाशी बसून राहिले, हात मांडीवर. रेवानं एक चमचा घेतला, तोंडात धरला, आणि पेपर नॅपकिनमध्ये काढला. माझ्याकडे बघत. मग बस आली.
दिवसभर शाळेतून फोन येईल म्हणून फोनजवळ. आला नाही.
केतकीनं संध्याकाळी माझी बॅग वरून काढून दिली. चेन अडकली होती, तिला मेण लावलं. म्हणाली, ‘भरा, आई. नंतर रिकामी करता येते.’

४ एप्रिल, शुक्र.
उद्याचं विमान.
सकाळी पुन्हा अमोल. उकडपेंडी चांगली जमली होती, वासानंच कळलं. रेवा ताटलीसमोर बसून राहिली. चमचा हातात, पण तोंडाकडे नाही. आज माझ्याकडे बघतही नव्हती. मी जागची उठले नाही, त्याला किती जोर लागला ते माझं मला माहीत. सव्वासात झाले. अमोलनं ताटलीतलं सगळं छोट्या डब्यात भरलं, झाकण लावलं, तिच्या दप्तरात ठेवलं. जेवणाचा डबा वेगळा, हा वेगळा. तो म्हणाला, ‘दहाच्या सुट्टीत खा. नाहीतर नको खाऊस. तुझं तू ठरव.’ असं बोलायला तो कधी शिकला कोण जाणे.
दारात रेवा थांबली, दप्तर पुढे घेऊन वरून डबा चाचपला आणि गेली.
अमोलनं लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला. अर्ज भरलेला आहे, एक बटण दाबायचं. म्हणाला, ‘आई, उद्या निघायचं तर दुपारी घर सोडावं लागेल. नाहीतर हे आज पाठवू. काय करू सांग.’
म्हटलं, ‘डबा घरी येऊ दे.’
अमोल किल्ली घेऊन गेला.
बॅग अर्धी भरली आहे. पोहण्याची टोपी नागपुरातच आहे, नाहीतर तीही रेवाला दाखवली असती. कुंदाचा मेसेज आहे, दूध आणि भाजी आणून ठेवू का. उत्तर दिलेलं नाही.
देवापुढे हात जोडले, डबा रिकामा यावा म्हणून. पोरीच्या पोटात अन्न जावं, ह्यापेक्षा दुसरं काय मागणार. जोडता जोडता लक्षात आलं की भरलेला आला तर मला आतून कुठेतरी बरं वाटेल, कुणीतरी मला इतकं धरून ठेवलंय म्हणून, आणि मग मी स्वतःच ते बटण
बस साडेतीनला येते.